राजदूतचे नाक

परभणीहून जिंतूरकडे जाताना डांबरी रस्ता सोडून एखाद्या गावाच्या पांदणीला लागले की उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा असतो. पुढे एखादी जीप गेली की मागच्या माणसाला काही क्षण रस्ताच दिसत नाही. अशाच एका पांदणीने आमचे वडील रोज आपल्या शाळेत जात. वाहन होते राजदूत मोटारसायकल. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ साली पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलच्या आराखड्यावरून ही पावणेदोनशे सीसीची गाडी भारतात आणली आणि पुढची कित्येक वर्षे ती दूधवाल्यांची, शेतकऱ्यांची आणि खेड्यावरच्या शिक्षकांची गाडी होऊन राहिली. खास मातीच्या रस्त्यासाठी बनवलेली मोटारसायकल आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नव्हती. ते काम राजदूतनेच निभावले.

वडिलांच्या निवृत्तीनंतर ती गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती. काही वर्षांपूर्वी आम्ही ती दुरुस्त करून घेतली आणि सुटीत गावी गेलो की चालवू लागलो. तिची मूळची एअर फिल्टरची जाळी केव्हाच गेली होती. तिच्या जागी कोणीतरी स्पंजची गाळणी बसवलेली होती, आणि ती मातीने काळी झालेली होती. आम्ही ती पेट्रोलमध्ये खळखळून धुतली, उन्हात वाळवली आणि अगदी नव्यासारखी पिवळीधमक झालेली पाहून समाधानाने परत बसवली. पुढच्या उन्हाळ्यात गाडी धूर ओकू लागली. किक मारताना पायाला लागणारा जोर नाहीसा झाला. गॅरेजमध्ये इंजिनाचे हेड उतरवले तेव्हा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभ्या रेघा पडलेल्या होत्या. नख फिरवले तर अडकत होते.

मेकॅनिकने विचारले, "सर, स्पंज कधी धुतला होता का?"

"धुतला होता. चांगला स्वच्छ धुतला होता."

"आणि तेल पाजलं होतं का?"

तेल पाजले नव्हते. एवढ्या एका गोष्टीसाठी इंजिनाचा बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागले. हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. बोअर करताना सिलिंडरची भिंत खरवडून तिचा व्यास वाढवतात, आणि असे ठरावीक वेळाच करता येते. ज्या गाडीचे उत्पादनच थांबले आहे, तिच्या आयुष्याचा एक हप्ता आम्ही आमच्या स्वच्छतेपायी संपवला.

स्वच्छ केलेली गाळणी मळक्या गाळणीपेक्षा घातक कशी ठरली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्र, मृदाशास्त्र आणि आपले स्वतःचे नाक असे तिघेही मदतीला येतात.

इंजिन किती हवा खाते?

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वजनाचा हिशेब केला तर ती मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो हवा लागेल. परभणीच्या उन्हाळ्यातल्या तापलेल्या हवेच्या एका घनमीटरचे वजन सुमारे १.१ किलो भरते. तेव्हा एक लिटर पेट्रोलबरोबर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा इंजिनात जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. तीन लिटर पेट्रोल जळाले की अशी एक अख्खी खोली इंजिनाने ओढून घेतली!

आता समजा, पांदणीवरच्या हवेत दर घनमीटरला फक्त ५ मिलिग्रॅम धूळ आहे. पुढे वाहन असेल तर ती याहून कितीतरी जास्त असू शकते. एका लिटरला ५० मिलिग्रॅम धूळ झाली. गाडी लिटरला ४० किलोमीटर जाते असे धरले, तर ४,००० किलोमीटरला १०० लिटर पेट्रोल आणि त्याबरोबर ५ ग्रॅम धूळ. चहाचा एक चमचा भरेल एवढी! गाळणी नसेल तर वर्षभरात एवढी माती आपण स्वतःच्या हाताने इंजिनात ओतल्यासारखे होते. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या गाडीचे आकडे घालून हे गणित जरूर करावे.

राजदूतसारख्या दोन फटक्यांच्या इंजिनात आणखी एक अडचण असते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण थेट सिलिंडरच्या वरच्या भागात जात नाही. ते आधी खाली क्रँककेसमध्ये शिरते आणि तेथून वर ढकलले जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे आत आलेली धूळ प्रथम बेअरिंगांना भेटते आणि तेलात कालवली जाऊन गॅरेजमधल्या ग्राइंडिंग पेस्टसारखी होते. ती पेस्ट धातू घासण्यासाठीच वापरतात, हे सांगायला नकोच.

काळी माती मऊ, पण तिच्यातले खडे?

कोणी म्हणेल, आपली काळी माती तर लोण्यासारखी मऊ, ती लोखंडाला काय ओरखडणार? यात निम्मे तथ्य आहे. मराठवाड्याची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातला मोठा भाग मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचा असतो. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती हीच. हिचे कण खरोखरच मऊ असतात. मोह यांच्या १ ते १० च्या काठिण्यश्रेणीत ते १ ते २ च्या आसपास येतात.

परंतु मातीत केवळ चिकणमाती नसते. मूळ खडकातील न झिजलेले खनिजकण तिच्यात शिल्लक असतात. फेल्डस्पारचे काठिण्य ६, पायरॉक्सिनचे ५ ते ६, मॅग्नेटाइटचे ६ च्या आसपास. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले गारगोटीच्या जातीचे कॅल्सेडनी तर जवळजवळ ७ पर्यंत जाते. तुलनेसाठी सांगायचे तर खिडकीची काच साधारण ५.५ काठिण्याची असते आणि नेहमीचे ओतीव लोखंड तिच्यापेक्षा मऊच असते. रस्त्यावर टाकलेला मुरूम चाकाखाली भरडला जातो तेव्हा हेच कण मोकळे होतात.

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे आणखी मऊ. कठीण कण त्यात रुतून बसतो आणि पिस्टन हे सिलिंडरवर मिनिटाला हजारो वेळा फिरणारे पॉलिशपेपर होऊन जाते.

यात कणाचा आकारही महत्त्वाचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. त्याहून बरेच बारीक कण तेलाबरोबर वाहून जातात. साधारण ५ ते २० मायक्रॉनांचे कण मात्र दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतात आणि ओरखडे काढतात. हे कण एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत रेंगाळतातही. १० मायक्रॉनचा कण दीड मीटर खाली यायला सुमारे तीन मिनिटे घेतो, ५ मायक्रॉनचा बारा मिनिटे आणि एक मायक्रॉनचा जवळजवळ पाच तास. जीप गेल्यानंतर धूळ बसली असे आपल्याला वाटते तेव्हाही इंजिनाला नको असलेले कण हवेत असतातच.

चाळणी आणि गाळणी

आता स्पंजची गाळणी भिंगाखाली पाहू. तिच्यातली छिद्रे साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनांची दिसतील. अडवायचा आहे १० मायक्रॉनचा कण. गावच्या वेशीतून कोंबडीचे पिल्लू जावे, तसा तो आरपार जायला हवा. पीठ चाळण्याच्या चाळणीचा नियम येथे लावला तर ही गाळणी निरुपयोगी ठरते. तरीही ती काम करते, कारण ती चाळणीसारखी काम करत नाही.

स्पंजच्या आत सरळ वाट नसते. हवेला शेकडो तंतूंभोवती वळणे घेत जावे लागते. एस.टी. वेगाने वळली की उभे प्रवासी बाहेरच्या अंगाला कलतात. तसेच हवा वळते, पण तिच्यातला जड कण जडत्वामुळे सरळ जाऊ पाहतो आणि तंतूवर आदळतो. त्याहून हलका कण हवेबरोबर वळतो, पण बैलगाडीचे चाक कोपऱ्यावरच्या दगडाला घासावे तसा तंतूला घासून जातो. अगदी सूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. त्यामुळे ते वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला जाऊन भिडतात. पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अशी हालचाल रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली पाहिली आणि तिचा गणिती उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला.

यातून एक गंमत निघते. तंतूंच्या गाळणीतून निसटायला सर्वांत सोयीचा कण हा सर्वांत लहान कण नसतो. सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण जडत्वाने आदळण्याइतका जड नसतो आणि भटकण्याइतका हलकाही नसतो, म्हणून तो सहज पार जातो. मोटारसायकलच्या सुदैवाने एवढा बारीक कण तिला फारसा त्रास देत नाही.

आदळला म्हणजे अडकला असे नाही

येथेच आमची चूक झाली. कण तंतूवर आदळतो, पण तंतू कोरडा असेल तर तो चेंडूसारखा उसळून पुन्हा हवेच्या प्रवाहात येतो आणि पुढे जातो. रस्त्यातल्या खड्ड्यांचे हादरे आणि इंजिनाची थरथर बसलेल्या कणांनाही झटकून मोकळे करतात. तंतूवर चिकट तेलाचा पातळ थर असला तर आदळण्याची ऊर्जा तेलात जिरते आणि कण तेथेच राहतो. एवढेच नव्हे, तेल त्या कणाच्या अंगावर चढते, तोही चिकट होतो आणि पुढच्या कणाला पकडतो. स्पंज हा केवळ सांगाडा. धूळ धरतो तो तेलाचा थर.

जुन्या ट्रॅक्टरांमध्ये हे तत्त्व उघड दिसते. त्यांच्या एअर क्लीनरच्या तळाशी तेलाची वाटी असते. हवा वरून खाली येते, तेलावरून एकदम वळते आणि तेलाने भिजलेल्या जाळीतून वर जाते. जड कण वळणावरच तेलात पडतात आणि उरलेले जाळीत अडकतात. वाटीच्या तळाशी साठलेला चिखल काढून दाखवला तर वर्गाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

हवेतील धूळ मोजण्याच्या काही उपकरणांत हवेचा झोत एका चकतीवर सोडतात. कण उसळून जाऊ नयेत म्हणून त्या चकतीला ग्रीस किंवा तेल लावून घेतात. प्रयोगशाळेत आम्ही हे स्वतः केलेले आहे. गोठ्यातल्या गाडीशी मात्र त्याचा संबंध जोडला नाही. विज्ञान पुस्तकात आणि प्रयोगशाळेतच ठेवले की असे होते.

आपल्या नाकातही हीच व्यवस्था आहे. केस मोठे कण अडवतात, नाकपोकळीच्या वळणांवर जड कण आदळतात आणि ओलसर चिकट शेंबूड त्यांना धरून ठेवतो. आतल्या सूक्ष्म रोमांची हालचाल हा थर सतत पुढे सरकवत असते. स्वतःला तेल पाजणारी आणि स्वतःच धुऊन निघणारी ही गाळणी आहे. राजदूतच्या नाकाला ही सोय नाही, म्हणून ते काम आपण करायचे.

गाळणी कशी धुवावी?

आधी गाळणी ओळखावी. जुन्या गाड्यांत तारेची जाळी, स्पंज किंवा घड्यांचा कागद यांपैकी एक आढळते. प्रत्येकीची रीत वेगळी आहे.

गाळणी उघडण्यापूर्वी भोवतालची माती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. गाळणी काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा बसवावा. तो काढायला मात्र विसरू नये! गाळणीची पेटी आतून पुसावी. गाळणी आणि कार्बोरेटर यांना जोडणारे रबर वाकवून पाहावे. त्याला चीर असेल तर कितीही चांगली गाळणी व्यर्थ आहे, कारण हवा गाळणी टाळून त्या चिरेतून आत जाईल.

स्पंज पेट्रोलमध्ये धुऊ नये. पेट्रोलची वाफ सहज पेट घेते आणि स्पंजचे जोडही सुटू शकतात. प्रथम रॉकेलमध्ये दाबून जुने तेल काढावे, मग कोमट साबणाच्या पाण्यात धुवावे. कपड्यासारखा पिळू नये, फाटतो. तळहातांत धरून दाबावा. सावलीत पूर्ण वाळवावा. नंतर त्यावर इंजिनात घालतात ते तेल किंवा खास फिल्टरचे तेल ओतून सर्वत्र मुरेपर्यंत मळावा आणि जास्तीचे तेल दाबून काढावे. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. फिकट ठिपका म्हणजे कोरडी जागा, म्हणजेच धुळीला उघडे दार. तेल ठिबकत असेल तर तेही वाईट, त्याने हवा कोंडते. पेटीला टेकणाऱ्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावावा.

तारेची जाळी रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात बुडवावी आणि रात्रभर निथळत ठेवावी.

कागदाची गाळणी धुवायची नाही आणि तिला घरी तेलही लावायचे नाही. ती हलकेच आपटावी, किंवा आतून बाहेर असा हवेचा सौम्य झोत द्यावा. बाहेरून आत झोत दिला तर धूळ कागदात रुतते. कागदाची गाळणी वारंवार झटकणेही योग्य नाही. तिच्यावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करतो, त्यामुळे थोडी वापरलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षा बारीक धूळ अधिक अडवते. आजच्या अनेक मोटारसायकलींत कारखान्यातच तेल पाजलेला कागद असतो. तो साफ न करता ठरल्या वेळी बदलायचा असतो.

धुतलेले रॉकेल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. ते डब्यात जमा करून गॅरेजच्या जळक्या तेलात द्यावे.

बदलण्याची वेळ

स्पंजचे आयुष्य वर्षांनीही संपते. न वापरता ठेवलेला स्पंजही हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. बोटांनी दाबून सोडला आणि तो पूर्ववत फुगला नाही, हाताला चिकट लागला किंवा त्याचा भुगा पडला, तर त्याच दिवशी टाकून द्यावा. नाहीतर तो भुगाच इंजिनात जाईल. गादीचा किंवा भांडी घासण्याचा स्पंज कापून बसवण्याचा मोह होतो. त्याची छिद्रे या कामासाठी केलेली नसतात. कागदाच्या आत विजेरी धरून अंधारात पाहावे. कोठे प्रकाशाचा टिपका चमकला तर तेथे भोक आहे, गाळणी बदलावी.

गाळणी तुंबली तर कार्बोरेटरला हवा कमी व पेट्रोल जास्त मिळते, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते. यावर काही जण गाळणीच काढून टाकतात आणि गाडी हलकी पळते म्हणून खूश होतात. तेव्हा उलट घडते. मिश्रणात हवा जास्त होते, ते अधिक तापते आणि दोन फटक्यांच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसू शकते. धुळीचा हिशेब तर आपण आधी केलाच आहे.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. आलेखाच्या कागदाचे दोन तुकडे दोन पुठ्ठ्यांवर चिकटवा. एकावर व्हॅसलिनचा पातळ थर द्या, दुसरा कोरडा ठेवा. शाळेपुढच्या रस्त्याकडे तोंड करून दोन्ही तासभर उभे करा. मग दोघांनाही सारखीच टिचकी मारा आणि भिंगातून एका चौरस सेंटिमीटरमधले कण मोजा. दोन आकड्यांतला फरक तेलाचे महत्त्व सांगेल.

दुसरा प्रयोग. मूठभर काळी माती काचेच्या बरणीत घ्या, चिमूटभर धुण्याचा सोडा आणि १० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी घालून चांगले हलवा. तीन मिनिटे थांबून वरचे गढूळ पाणी ओता. पाणी निवळेपर्यंत असे पुन्हा पुन्हा करा. तळाला उरतील ते साधारण २५ मायक्रॉनांपेक्षा मोठे कण. ते वाळवून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये घासा. काचेच्या कडा बोथट असाव्यात आणि हे काम शिक्षकांनी करावे. काचेवर ओरखडे उमटले तर मऊ मातीत कठीण काय दडले आहे ते दिसेल. कागदात गुंडाळलेले चुंबक त्याच कणांवरून फिरवले तर मॅग्नेटाइटचे काळे कण त्याला चिकटतील.

आमची राजदूत आता पुन्हा चालते. फुफाट्यातून चार-पाच फेऱ्या झाल्या की आम्ही गाळणी उघडून पाहतो. धुऊन झाल्यावर ती पिवळीधमक दिसते, पण आता ती तशीच परत बसवत नाही. तेलाचा डबा शेजारी ठेवूनच काम सुरू करतो.